स्वतःशी बोलण्यासाठी टॅरो: पहिल्यांदाच पत्ते हातात घेणाऱ्यांसाठी

टॅरोचं नाव निघालं की बहुतेकांना आठवतं ते भविष्य. लग्न कधी होईल, नोकरी लागेल का, तो परत येईल का. या लेखात आपण त्या वाटेला जाणार नाही. इथे पत्ते वापरायचे आहेत ते आपल्याच मनात काय चाललंय ते नीट पाहण्यासाठी. त्यासाठी पत्त्यांत दैवी शक्ती आहे असं मानायलाच हवं असं नाही, आणि तुम्ही मानत असाल तर ते सोडून द्यायचीही गरज नाही. एक डेक, एक वही, वीसेक मिनिटांची निवांत वेळ आणि स्वतःला खरं उत्तर द्यायची तयारी, एवढं पुरतं.

हे चालतं कसं ते आधी सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. एखाद्या अडचणीवर आपण एकटे विचार करायला बसलो की मन त्याच त्या मुद्द्यांभोवती घुटमळत राहतं. काल जिथे अडलो, आजही तिथेच अडतो. अशा वेळी आपण न निवडलेलं, अनपेक्षित असं एक चित्र समोर आलं तर मन लगेच त्यात आपला विषय शोधायला लागतं. चित्रातल्या माणसाची पाठ दिसली तर कुणाला तो रुसलेला वाटतो, कुणाला दमलेला, कुणाला निघून चाललेला. चित्र एकच असतं, फरक पाहणाऱ्यात असतो. तो फरक टिपायचा, वहीत उतरवायचा आणि त्यावर विचार करायचा, एवढंच इथे शिकायचं आहे.

मनाच्या या सवयीत एक धोकाही आहे. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची एक व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाच्या हातात त्याचं ‘वैयक्तिक’ विश्लेषण ठेवलं. ते किती अचूक आहे याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4 हून जास्त गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता. ‘तुम्ही वरून शांत दिसता, पण आतून काळजी करता’ अशा धर्तीचं वाक्य कुणालाही लागू पडतं आणि प्रत्येकाला ते आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. पत्ते वाचताना हा प्रयोग विसरू नका. त्यावरचा उपाय पुढे येतो.

थोडा इतिहास

पत्त्यांचा धाक कमी व्हावा म्हणून इतिहास थोडक्यात. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला तो खेळायच्या पत्त्यांचा डेक म्हणून. नेहमीच्या चार रंगांना जोडून हुकमासारखे चालणारे चित्रांचे पत्ते त्यात घातले होते. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या सत्ताधारी घराण्यांसाठी रंगवलेले, सोन्याचा वर्ख लावलेले काही जुने पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. भविष्याशी या पत्त्यांची ठळक सांगड पडली ती खूप उशिरा. 1781 मध्ये आंत्वान कूर द जेबेलां या फ्रेंच लेखकाने जाहीर केलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली 1822 मध्ये. दाव्याला आधार काहीच नव्हता, तरी तो पसरला आणि अजूनही कुठे कुठे ऐकू येतो.

नवशिक्याने यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. पत्त्यांचे अर्थ माणसांनी वेळोवेळी दिलेले आहेत, बदललेले आहेत. त्यामुळे डेकसोबत येणाऱ्या पुस्तिकेतला अर्थ तुम्हाला पटला नाही तर तुमच्या हातून काही पाप घडत नाही.

डेक कोणता घ्यावा

सुरुवातीला रायडर-वेट-स्मिथ किंवा त्याच चित्रांवर बेतलेला एखादा डेक घ्या. हा 1909 मध्ये लंडनमध्ये प्रकाशित झाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. जुन्या मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये पेल्यांच्या पंजीवर फक्त पाच पेले मांडलेले असतात, जसे आपल्या खेळण्यातल्या पंजीवर पाच बदाम. स्मिथबाईंनी त्या साध्या पत्त्यांवरही माणसं, नद्या, घरं, हवामान रंगवलं, आणि त्यामुळेच हा डेक मनन करायला इतका उपयोगी ठरतो. पाहायला काहीतरी असतं. या कामाचे त्यांना फार थोडे पैसे मिळाले आणि कित्येक वर्षं डेकच्या नावात प्रकाशक रायडर आणि वेट एवढेच होते, ही गोष्ट मला आजही खुपते. पत्ता हातात आला की कोपऱ्यातली त्यांची नागमोडी सही जरूर शोधा.

अॅलिस्टर क्रोली आणि फ्रीडा हॅरिस यांचा थॉथ डेक देखणा आहे, पण त्यातली चिन्हं समजायला बराच अभ्यास लागतो. तो नंतर. पहिला डेक कुणीतरी भेट द्यावा लागतो, स्वतः विकत घेतला तर तो ‘लागत नाही’, असंही सांगतात. खुशाल विकत घ्या. फक्त आकार बघून घ्या. हे पत्ते साधारण सात सेंटिमीटर रुंद आणि बारा सेंटिमीटर उंच असतात. हात लहान असतील तर थोडा छोटा डेक पिसायला सोपा जातो.

डेकची रचना

एकूण पत्ते 78. त्यातले 22 मेजर अर्काना: शून्य क्रमांकाच्या ‘फूल’पासून 21व्या ‘वर्ल्ड’पर्यंत. आयुष्यातली मोठी वळणं, मोठ्या वृत्ती यात येतात. उरलेले 56 मायनर अर्काना; चार रंग, प्रत्येकात 14. वाँड्स म्हणजे काठ्या: उत्साह, काम, इच्छा. कप्स म्हणजे पेले: भावना आणि नाती. स्वोर्ड्स म्हणजे तलवारी: विचार, शब्द, वाद. पेंटॅकल्स म्हणजे नाणी: शरीर, पैसा, घर, रोजचं कष्टाचं काम. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते आणि वर पेज, नाइट, क्वीन, किंग असे चार दरबारी पत्ते.

इतकं माहीत असलं की पुरे. 78 अर्थ पाठ करायला बसू नका. पाठांतर करून आलेली माणसं पत्ता उलटला की चित्राकडे न पाहता अर्थ म्हणून दाखवतात, आणि मग तिथे मननाला जागाच उरत नाही. दरबारी पत्ते मात्र सगळ्यांनाच अवघड जातात. ते आले की ‘ही व्यक्ती कोण’ हे शोधण्यापेक्षा ‘ही वागण्याची कोणती तऱ्हा’ असं विचारा. तलवारींची राणी म्हणजे आडपडदा न ठेवता, पण विचार करून बोलणं. आत्ता मी तसं बोलायला हवं आहे का? की गरजेपेक्षा जास्त बोलून बसले आहे?

बसण्याआधी

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वहीत तारीख घाला. मेणबत्ती, सुगंध, रेशमी रुमाल हे आवडत असेल तर जरूर करा, मन शांत व्हायला मदत होते. पण त्यावाचून काही अडत नाही. पत्ते ‘शुद्ध’ करण्याबद्दलही तेच. स्वच्छ हात आणि कोरडी जागा मात्र हवी, नाहीतर पत्ते चिकटायला लागतात.

प्रश्न घडवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रश्न ढिसाळ असेल तर पत्ता कितीही बोलका असला तरी हाती काही लागत नाही.

मनात पहिल्यांदा येणारा प्रश्न बहुधा ‘होईल का’ असा असतो. ‘मला ही नोकरी मिळेल का?’ याचं उत्तर कुठल्याही पत्त्यात नाही. पण हा प्रश्न आतून कुठून येतोय ते शोधता येतं. मुलाखतीची भीती आहे का? ही नोकरी मिळाली तर गाव सोडावं लागेल, ते नकोय का? की ती मिळाली नाही तर लोक काय म्हणतील, याची धास्ती जास्त आहे? मग प्रश्न असा होतो: ‘या नोकरीकडून मला पगाराशिवाय नेमकं काय हवंय?’ याचं उत्तर तुमच्यापाशी आहे, आणि पत्ता ते बाहेर काढायला हातभार लावू शकतो.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे इतरांच्या मनात डोकावणं. ‘ती माझ्याबद्दल काय विचार करते?’ तिचं मन तिच्याकडे आहे, तुमच्या डेकमध्ये नाही. शिवाय अशा प्रश्नावर पत्ता काढला की आपण आपलीच भीती किंवा आशा तिच्या तोंडी घालतो आणि पुढे ते तिनेच सांगितल्यासारखं वागतो. यातून नाती खरोखर बिघडतात. प्रश्न स्वतःकडे वळवा: ‘तिला सरळ विचारायला मी का कचरते?’

तिसरा प्रकार ‘करू की नको’. इथे पत्त्याला निकाल द्यायला लावू नका. दोन्ही पर्यायांवर वेगवेगळा प्रश्न करा: ‘हो म्हटलं तर मला कशाची किंमत मोजावी लागेल?’ आणि ‘नाही म्हटलं तर कशाची?’

प्रश्न ठरला की पत्ते पिसण्याआधी तो वहीत लिहा. तोंडी ठेवलेला प्रश्न पत्ता पाहिल्यावर नकळत बदलतो, पत्त्याला जुळेल असा होतो. कागदावरचा बदलत नाही.

पिसणं आणि पत्ता काढणं

हे पत्ते मोठे असल्याने नेहमीसारखे पिसायला जड जातात. सोपा मार्ग असा: सगळे पत्ते पालथे करून जमिनीवर किंवा टेबलावर पसरा, दोन्ही तळव्यांनी गोल गोल फिरवत मिसळा आणि परत गोळा करा. नव्या डेकमध्ये पत्ते क्रमाने लावलेले असतात, म्हणून पहिल्या वेळी जरा जास्तच मिसळा. मग वरचा पत्ता घ्या किंवा पंख्यासारखे पसरून मधला कुठलाही घ्या. डावा हात की उजवा, यावर वेळ घालवू नका. पिसताना एखादा पत्ता निसटून पडला तर काही जण तो खास संकेत मानतात. माझा सल्ला असा की तो परत आत घालावा आणि ठरवल्याप्रमाणे पत्ता काढावा. नियम आधी ठरलेला असला की मन आपल्या सोयीचा पत्ता निवडू शकत नाही.

पत्ता उलटा आला तर? अनेक जण उलट्या पत्त्याचा वेगळा अर्थ लावतात. पहिले काही महिने तो सरळ करून घ्या. चित्र नीट दिसणं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी डोळे, मग पुस्तिका

आता या लेखातली मुख्य पायरी. पत्ता समोर ठेवा आणि अर्थाची पुस्तिका बंदच राहू द्या. तीन मिनिटं फक्त दिसतं ते लिहा. अर्थ लावू नका, चांगलं-वाईट ठरवू नका. उदाहरणार्थ पेल्यांची पंजी: ‘काळा झगा घातलेला माणूस. मान खाली. समोर तीन पेले सांडलेले. मागे दोन पेले उभे. नदी आहे. नदीवर पूल आहे. पलीकडे इमारत आहे.’ वाक्यं अशी कोरडी असली तरी चालेल, कोरडीच हवीत.

मग पाहा की तुम्ही काय लिहिलं नाही. मागचे दोन उभे पेले कित्येकांच्या यादीत येतच नाहीत. कुणाला पूल दिसत नाही. जे सुटलं ते का सुटलं यावर एखादं वाक्य लिहा. आणि जे पहिल्यांदा दिसलं त्याचीही नोंद ठेवा. नजर आधी कुठे गेली, तिथे तुमचं काहीतरी अडकलेलं असण्याची शक्यता असते.

त्यानंतर चित्रातल्या व्यक्तीबद्दल तीन-चार वाक्यं लिहा, ‘हा माणूस’ असं म्हणत. ‘हा माणूस मागे वळून बघायला तयार नाही. त्याला वाटतं, वळला तर सांडलेल्याचा विश्वासघात होईल.’ हवं तेवढं रचा. नंतर तीच वाक्यं ‘मी’ घालून पुन्हा लिहा आणि मोठ्याने वाचा. काही वाक्यं पोकळ वाटतील, ती खोडा. एखादं वाचताना आवाज अडखळेल. त्याच्याखाली रेघ मारा. तुमच्या प्रश्नाशी त्याचा काय संबंध आहे, यावर आता दहा मिनिटं न थांबता लिहा; शुद्धलेखनाकडे, अक्षराकडे बघू नका.

तलवारींची अठ्ठी या सरावासाठी विलक्षण पत्ता आहे. डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती बांधलेले फास, भोवती आठ तलवारी, मागे उंचावर किल्ला. पहिल्या नजरेत ही बाई पुरती कैदेत दिसते. मग हळूहळू लक्षात येतं की तिचे पाय मोकळे आहेत, समोरच्या बाजूला तलवारी नाहीत आणि पहारेकरी तर एकही नाही. ‘तिला तिथे कोणी धरून ठेवलंय?’ हा प्रश्न विचारला की अनेकांचं लिखाण वेगळ्याच दिशेला वळतं. अर्थात प्रत्येक बंधन मनाचंच असतं असं नाही. कधी तलवारी खऱ्याच असतात: कर्ज असतं, आजारपण असतं, घरातला जाच असतो. तेव्हा ‘सगळं तुझ्या मनातच आहे’ असं स्वतःला सुनावू नका. पाय कुठवर जातात एवढंच बघा.

पुस्तिका यानंतर उघडा. तिचा अर्थ तुमच्या लिखाणाशी जुळतो का, कुठे विरोधात जातो, ते लिहा. विरोध असेल तर बरंच. नवीन काही सापडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा, कुणी दोन वर्षं एका अभ्यासक्रमात घालवली आहेत आणि तो सोडावासा वाटतोय. लिहिलेला प्रश्न: ‘हा अभ्यासक्रम चालू ठेवण्यामागे माझं खरं कारण काय?’ आलेला पत्ता नाण्यांची सत्ती. कुदळीच्या दांड्यावर हात टेकून एक शेतकरी झाडाकडे बघतोय. झाडाला सहा नाणी लागलीत, एक त्याच्या पायाशी आहे.

नुसत्या वर्णनात तिने लिहिलं, ‘तो दमलाय. सहा नाणी मोजतोय.’ पायाशी पडलेलं सातवं नाणं यादीत नव्हतं. मग ‘हा माणूस’ची वाक्यं: ‘हा माणूस विचार करतोय की इतकं राबलोय, आता सोडून कसं जाऊ.’ ‘मी’ घालून वाचल्यावर ते वाक्य खरं निघालं. म्हणजे चालू ठेवण्याचं कारण विषयाची आवड नव्हे, गेलेली दोन वर्षं आहेत. इथे थांबलं तर ‘सोडून दे’ असा निकाल घाईने लागेल. म्हणून सुटलेलं नाणं पाहायचं. ते आधीच हातात आलेलं फळ आहे: या दोन वर्षांत ती काय शिकली, जे अभ्यासक्रम सोडला तरी तिच्याकडेच राहील? याची यादी केली की मग निर्णय तोट्याच्या भीतीतून होत नाही. निर्णय अजून झालेलाच नाही, हेही लक्षात घ्या. पुढच्या आठवड्यात मार्गदर्शक शिक्षकांना भेटायचं, एवढं एक पाऊल ठरलं. एका बैठकीतून यापेक्षा जास्त मागू नये.

फसवणूक ओळखण्याची कसोटी

आता फोररच्या प्रयोगावरचा उपाय. रेघ मारलेल्या वाक्याला विचारा: हे वाक्य शेजारच्या माणसालाही लागू पडेल का? ‘मला बदलाची भीती वाटते’ हे कुणालाही पडेल. त्यात कोण, कधी, कुठे घाला: ‘आईला सांगितल्यावर ती गप्प बसेल, त्या गप्प बसण्याची मला भीती वाटते.’ हे वाक्य तुमचं एकटीचं आहे. वाक्य असं बारीक होत नसेल, तर त्या दिवशी पत्त्याने काही दाखवलं नाही असं लिहून वही मिटा. असे दिवस येतात आणि ते नोंदवणं हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

आणखी एक कसोटी मला फार आवडते. लिखाण झाल्यावर मुद्दाम दुसरा एक पत्ता काढा आणि तोच प्रश्न त्याच्यासमोर ठेवा. पूर्ण वेगळ्या चित्रातूनही तुम्ही त्याच मुद्द्यावर आलात, तर तो मुद्दा चित्राचा नसून तुमचा आहे. दर वेळी करू नका, महिन्यातून एखाद्या वेळी पुरे.

भीती दाखवणारे पत्ते

‘डेथ’ आला की छातीत धस्स होतं. म्हणून डेक हातात आल्याबरोबर, काही प्रश्न मनात नसताना, हे पत्ते बाजूला काढून निवांत पाहून घ्या. डेथच्या पत्त्यात पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा आहे, राजा खाली पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, आणि एक लहान मूल त्याच्याकडे टक लावून बघतंय. मागे दोन बुरुजांच्या मधे सूर्य आहे. हा पत्ता कुणाच्या मरणाची बातमी देत नाही. तो ‘काय संपत आलंय आणि त्याकडे मी या तिघांपैकी कुणासारखी बघतेय’ असं विचारायला लावतो. ‘टॉवर’मध्ये वीज कोसळते, मनोऱ्याच्या माथ्यावरचा मुकुट उडतो, दोन माणसं खाली पडताहेत. ‘डेव्हिल’मधल्या दोघांच्या गळ्यातल्या साखळ्या बघा: डोक्यावरून काढता येतील इतक्या सैल आहेत.

तरीही एखादा पत्ता त्या दिवशी सोसवला नाही तर तो पालथा ठेवा आणि उठा. त्यात कमीपणा नाही. नको असलेला पत्ता आला म्हणून लगेच दुसरा काढणं मात्र टाळा, कारण मग मनासारखा येईपर्यंत पत्ते काढत राहायची सवय लागते.

तीन पत्त्यांची मांडणी

एका पत्त्याचा सराव महिनाभर झाल्यावरच इकडे वळा. भूत-वर्तमान-भविष्य ही मांडणी प्रसिद्ध आहे, पण तिसऱ्या जागेमुळे ती पुन्हा भाकिताकडे ओढते. त्याऐवजी जागांची नावं अशी ठेवा: ‘मला काय दिसतंय’, ‘मी काय बघायचं टाळतेय’, ‘या आठवड्यात एक लहान पाऊल’. जागा आधी वहीत लिहा, मग पत्ते काढा. प्रत्येक पत्ता आधी सुटा पाहा, नंतर तिन्ही शेजारी ठेवून पाहा. पहिल्यातली व्यक्ती दुसऱ्या पत्त्याकडे तोंड करून आहे की पाठ? रंग एकदम बदलतो का? सगळ्याच चित्रांत माणसं एकटी आहेत का?

तीन पत्ते क्रमाने 4,56,456 प्रकारे येऊ शकतात, त्यामुळे कुठलंही पुस्तक तुमची नेमकी मांडणी समजावून सांगू शकणार नाही. आणि मेजर अर्कानाचा पत्ता आला म्हणून ‘काहीतरी मोठं घडणार’ असं धरून चालू नका. तीन पत्त्यांत किमान एक मेजर येण्याची शक्यता जवळपास 64 टक्के आहे. दहा पत्त्यांची केल्टिक क्रॉस मांडणी सगळीकडे दिसते. सुरुवातीला ती नको. दहा चित्रांत हवं ते सापडतंच आणि नको ते सहज नजरेआड होतं.

वही

प्रत्येक नोंदीत तारीख, प्रश्न, पत्ता, पहिलं दिसलेलं, सुटलेलं, रेघ मारलेलं वाक्य आणि ठरवलेलं पाऊल असू द्या. पाऊल लहान आणि करता येण्याजोगं हवं: एक फोन, एक यादी, एक नकार. महिन्याच्या शेवटी सगळ्या नोंदी सलग वाचा आणि तेव्हा पत्त्यांकडे दुर्लक्ष करून फक्त प्रश्न वाचा. एकच प्रश्न वेगवेगळे कपडे घालून परत परत आलेला दिसला, तर तो आता पत्त्यांसमोर मांडायचा राहिलेला नाही. त्यावर काही करायची वेळ झाली आहे.

तोच पत्ता पुन्हा आला की अनेकांच्या अंगावर काटा येतो. रोज एक याप्रमाणे अकरा दिवस पत्ता काढला, तर त्यात एखादा पत्ता दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच असते. तेव्हा काटा येऊ द्या, पण संकेत मानू नका. उलट आधीची नोंद उघडा. तेच चित्र तेव्हा कसं दिसलं होतं आणि आज कसं दिसतंय, यातला बदल वाचण्यासारखा असतो.

कुठे थांबायचं

एका प्रश्नावर एकदाच बसायचं. परत बसायचं ते काही नवं कळल्यावर किंवा ठरवलेलं पाऊल टाकल्यावर. आजार, कायदा, मोठी आर्थिक गुंतवणूक यांचे निर्णय डॉक्टर, वकील आणि जाणकारांकडे न्या. त्या निर्णयांबद्दल मनात काय खळबळ आहे ते पत्त्यांसमोर जरूर लिहा, पण निर्णय तिथे घेऊ नका. रात्री झोप उडालेली असताना, रागाच्या भरात किंवा भांडणानंतर लगेच डेक हातात घेऊ नये. त्या वेळी प्रत्येक चित्र धमकी देतं. सतत उदास वाटत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही-पत्ते बाजूला ठेवून त्याच दिवशी विश्वासातल्या माणसाशी आणि समुपदेशक किंवा डॉक्टरांशी बोला.

मैत्रिणीने ‘माझेही पत्ते काढ’ म्हटलं, तर तिलाच चित्राचं वर्णन करायला सांगा आणि तुम्ही फक्त प्रश्न विचारा. अर्थ सांगण्याचा मोह आवरा. जी व्यक्ती समोर नाही, तिच्याबद्दल पत्ते काढू नका. आणि कुणी तुमचे पत्ते पाहून घाबरवलं, बाधा आहे, दोष आहे, अमुक रक्कम दिली की तो उतरेल असं सांगितलं, तर तिथून सरळ उठा.

पत्ता काढल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकवत नसेल, साध्या साध्या गोष्टींसाठी डेककडे हात जात असेल, तर डेक डब्यात घालून पंधरा दिवस उचलून ठेवा. या काळात प्रश्न वहीत लिहायचे, पत्ता काढायचा नाही, आणि प्रश्नाखाली जे सुचेल ते तसंच लिहायचं. पंधरा दिवसांनी डेक परत काढावासा वाटला तर काढा, एका पत्त्यापासून.